तोंड गोड करण्याचा कार्यक्रम

माझ्या थोरल्या भावाला दवाखान्यातून घरी सोडायचं होतं, त्या सकाळी पार्किंगमध्ये मांडव पडला होता. मला आधी वाटलं, शेजारच्या मंगल कार्यालयात जागा पुरली नसावी. मग फलक वाचला. सत्कार दादाचा होता.

दादाला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, ‘बरोबर’. पाणी हवं का? बरोबर. नको का? बरोबर. माझ्या एकाही मताला ज्यानं जन्मात हा शब्द दिला नाही, तो आता डॉक्टरांना, झाडूवाल्याला, वेळप्रसंगी पंख्यालाही देत होता.

दवाखान्यानं नवी योजना काढली होती. लकव्याच्या रुग्णाला खाटेवर पाडून ठेवायचं नाही. झेपेल तितक्या लवकर घरी पाठवायचं आणि फिजिओथेरपिस्ट, नर्स, बोलण्या-गिळण्याचं बघणारी थेरपिस्ट यांनी त्याच्या घरी यायचं. फलकावर छापलेल्या कल्पना मला सहसा आवडत नाहीत, ही आवडली. माणसानं शेवटी स्वतःच्या मोरीत आणि स्वतःच्या उंबऱ्यावरच चालायला शिकायचं असतं. दादा या योजनेतला पहिला रुग्ण. दादाच्या भिंगारच्या घरात मोरीच्या भिंतीला धरायला दांडा बसवून झाला होता, पलंग पुढच्या खोलीत आला होता.

अडत होतं ते गिळण्यापाशी. दादाचं साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरायचं. थेरपिस्ट मुलीनं वहिनीला शिकवलं, पाण्यात पावडर कालवून ते दाट करायचं, दादाला ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा, कंठ वर जाऊन खाली आला की मगच पुढचा. वहिनीला हे जमलं म्हणून तर घरी सोडत होते. ‘कोरडे, चिकट, पातळ काहीही देऊ नये’ अशी पाटी खाटेला लावली होती.

पाटी खाटेलाच राहिली आणि दादा चाकाच्या खुर्चीतून मांडवात आला.

त्याच्या डोक्यावर फेटा बांधला होता. मांडीवर नारळ ठेवला, तो निर्जीव हाताकडून घरंगळला, पुन्हा ठेवला. शाल घातली. प्रमुख पाहुणे आरोग्य हीच संपत्ती असल्याचं बराच वेळ सांगत राहिले. थेरपिस्ट मुलीला गुच्छांचं तबक धरून मंचाच्या कडेला उभं केलं होतं. ज्यांच्यावर योजना चालायची होती, त्यांना शोभेच्या कामाला लावलेलं पाहून मला हसू येत होतं. तोवर.

सूत्रसंचालक म्हणाला, “आता पाहुण्यांच्या शुभहस्ते आपल्या बाबांचं तोंड गोड करून...”

पाहुण्यांनी पेढा उचलला. फोटोग्राफर पुढं सरसावला. “साहेब, तोंडापाशीच धरा. बाबा, इकडं बघा. आ करा.”

दुसऱ्या रांगेतून वहिनी ओरडली, “अहो नको! नका देऊ त्यास्नी!”

पाहुणे हसले. “वहिनी, आजच्या दिवस शुगर विसरा! काय बाबा, चालेल ना पेढा?”

“बरोबर,” दादा म्हणाला.

मांडवात टाळ्या पडल्या. आपल्याकडं गोडाला नको म्हणणं म्हणजे एकतर मधुमेह नाहीतर संकोच. तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही. वहिनी खुर्च्यांतून वाट काढत “नको, नको” करत होती आणि लोक कौतुकानं तिच्याकडं बघत होते.

पेढा अख्खा आत गेला.

दादा आधी खोकला. मग खोकायचा थांबला, आणि ते जास्त भयंकर होतं. डोळे मोठे झाले, ओठ निळे पडायला लागले. तबक खाली आदळलं. त्या मुलीनं पाहुण्यांना कोपरानं बाजूला लोटलं, दादाला पुढं वाकवलं आणि त्याच्या पाठीत तळव्यानं जोरजोरात हाणू लागली. फेटा सुटून तिच्या पायांत आला. माईक चालूच होता. सूत्रसंचालक सांगत होता, “मान्यवरांनी कृपया जागेवरच बसून घ्यावं.” मी मान्यवर नव्हतो, तरी बसूनच होतो.

दादाला आयसीयूत नेलं. नळीनं घसा साफ केला, पण काही छातीत उतरलंच होतं. संध्याकाळी ताप चढला.

आम्ही आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलो असताना मिरजगावहून वहिनीच्या भावाचा फोन आला.

“पाव्हणं, फोटो बघितला मोबाईलवर! दाजी लई भारी दिसत्यात फेट्यात. घरी पोचले का?”

“आयसीयूत आहे दादा.”

“न्हाई वो, पेढा खात्यात की.”

मी सांगितलं. तो म्हणाला, “तरी समदे हसत्यात.”

दवाखान्यानं टाकलेला फोटो एक क्षण आधीचा होता. खाली लिहिलं होतं, ‘रुग्ण ठणठणीत होऊन घरी’. दवाखान्याच्या संचालकांनी आम्हाला ‘दुर्दैवी योगायोग’ असं काहीतरी ऐकवलं. मी त्यांच्या कोटावर राहिलेल्या सत्काराच्या बिल्ल्याकडं बघत होतो.

ताप उतरला, छाती मोकळी झाली. थेरपिस्ट मुलगी वाटी-चमचा घेऊन आली, आणि दादानं ओठ मिटले. तिनं समजावलं, नर्सनं समजावलं, मी चमचा धरून पाहिला. माणूस जवळ आला की ओठ घट्ट. नाकातून अन्न देणाऱ्या नळीवर किती दिवस काढणार? एका दुपारी वहिनीनं खाटेभोवतीचा पडदा ओढला, आम्हा सगळ्यांना बाहेर हाकललं, आणि दोन चमचे गेले.

मुलगी डॉक्टरांना म्हणाली, “इथं खाणार नाहीत ते. घरी सोडा, मी तिकडं येते.”

मागच्या दारानं अँब्युलन्स निघाली. निरोपाला वॉर्डबॉय होता. त्यानं दार लावलं आणि गेला.

भिंगारमध्ये लोक भेटायला आले. वहिनीनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. “आजारी माणसाला बघाया बी बंदी?” म्हणून एक मावशी रुसून गेल्या. “व्हय, बंदी,” वहिनी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “भाऊजी, तुमी बी बाहेर.”

मी ओट्यावर बसलो. थेरपिस्ट मुलगी माझ्या शेजारी, खिडकीकडं पाठ करून. आतून वहिनीचा आवाज येत होता. “कुनी न्हाई. मीच हाय. हनुवटी खाली. हां. गिळा आता.”

मग काहीच नाही. घास उतरल्याचा आवाज बाहेर येत नाही. मुलीनं डोळे मिटले होते. मी श्वास धरून बसलो. खूप वेळानं आत चमचा वाटीला लागला, म्हणजे वहिनीनं दुसरा घेतला.