ग्रहणातली धार

राहू गावचा अकबर कशाला भिणारा माणूस नव्हता. कुणाच्या घरात साप निघाला की लोक त्यालाच बोलवायचे. तोच अकबर नव्याण्णवच्या ऑगस्टपासून भीतीनं निम्मा झाला, आणि तेही एका गंजक्या चाकूपायी.

तो सणसवाडीला कंपनीत कामाला होता. तिथल्या भंगाराच्या ढिगात त्याला शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला. पातं गंजून मुठीत असं धरून बसलेलं, की नखानं हलेना. अकबरनं तो रॉकेलात भिजत घातला, रोज थोडा थोडा सैल केला, पॉलिश पेपरनं घासला, ढिली झालेली रिव्हेट ठोकून बसवली. बायको लालबी पोटुशी होती, पहिलंच होतं. येणाऱ्या लेकरासाठी लाकडाचा खुळखुळा कोरायचा आणि तो याच चाकूनं, असं या गड्यानं मनात धरलं होतं. बाजारातला प्लास्टिकचा याला कुठला चालायला!

तेवढ्यात सूर्यग्रहण आलं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरायचं-कापायचं नाही, नवऱ्यानंही हत्याराला हात लावायचा नाही, नाहीतर लेकरू फाटक्या ओठाचं जन्मतं, असं आपल्याकडं सगळेच मानतात. त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही. त्या संध्याकाळी लालबी दार लावून आतल्या खोलीत पडून राहिली. अकबर रजा टाकून घरी थांबला होता, पण त्याला नुसतं बसवेना. त्यानं स्वतःशीच वकिली केली, की धार लावणं म्हणजे काही कापणं नव्हे. मग ओसरीवर दगड मांडला, पाणी शिंपडलं आणि पातं घासायला बसला. आभाळ भरून आलेलं, वर काय चाललंय ते दिसतही नव्हतं.

धार मात्र सुरेख आली. आता ती बघितल्याशिवाय चैन कशी पडणार? खुळखुळ्याचं लाकूड शेजारीच होतं. हात गेलाच. पहिली साल अलगद निघाली. दुसऱ्या वेळी पातं सटकलं आणि लाकडाच्या काठावर उभी चीर पडली, थेट फाटलेल्या ओठासारखी.

अकबरनं पातं तिथंच मिटलं. शेजारच्या सोपानरावांची बायको नकुशी आपल्या दारातून बघत होती. ती हळूच म्हणाली, "अकबरभाई, गिराण अजून सुटलं न्हाई."

लालबीला सांगू नका, म्हणून त्यानं तिला हात जोडले. चाकू डब्यात घालून माळ्यावर टाकला. त्यानंतर त्याच्या जिवाला थारा राहिला नाही. कंपनीच्या गाडीत बसला की समोरच्याच्या ओठांकडंच बघत राहायचा. जेवताना घास तोंडात फिरायचा. पिराला चादर बोलून झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही आडून आडून विचारलं. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नसतो, असं त्यांनी नीट समजावलं. यानं मान हलवली आणि भीती होती तशी घरी घेऊन आला. लालबी हल्ली गप्पच असायची. खुळखुळ्याचं काय झालं, हे तिनं एकदाही विचारलं नाही. सुटलो, असं याला वाटलं.

दौंडच्या दवाखान्यात मुलगी झाली. नर्सनं नाकापर्यंत गुंडाळलेलं बाळ पुढं केलं, तर हा हातच पुढं करेना. आधी तोंड दाखवा म्हणाला. नर्सनं कपडा बाजूला केला. ओठ अखंड होते. अकबर भिंतीकडं तोंड करून रडला.

मग तो मुलीला घेऊन लालबीच्या खाटेशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. तिनं ऐकून घेतलं.

"मी आतून ऐकत व्हते की," ती म्हणाली. "दगडावरचा आवाज आला, तवा वाटलं थांबाल. मंग लाकडाचा आला."

मग हाक का मारली नाहीस, असं त्यानं विचारलं.

"झालं ते झालंच व्हतं. मला म्हाईत हाय हे तुम्हाला कळलं असतं, म्हंजी तुम्ही आजून भ्याला असता. म्हनलं, माझी मी भिते."

अकबरनं मुलगी तिच्या कुशीत दिली. लालबीनं आधी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मगच तिला छातीशी घेतलं.