जिच्या नावाचा पुकारा होत नसे

फौजदारी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर त्याला सगळे भोंगा म्हणत. वकील तोंडावर म्हणत, कारकून पाठीमागे, आणि त्याला दोन्हींचा अभिमान होता. पट्टेवाल्याला कामं दहा असतात, पण त्याचं खरं काम एकच. साहेबांनी आतून मान हलवली की दाराबाहेर यायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि ज्याची केस निघाली त्याच्या नावाचा पुकारा करायचा. तीन वेळा. त्याचा आवाज दोन जिने उतरून फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत जाई आणि माणसं अर्धा कप तसाच टाकून धावत सुटत. मध्यंतरी माईक बसवायची टूम निघाली होती. तो आठवडाभरात बिघडला, आणि दुरुस्तीला माणूस बोलवायची आठवण भोंग्याने कोणालाही करून दिली नाही.

पण काही केसेस अशा असत की तिथे या आवाजाचा उपयोग नसे. एखाद्या मुलीवर किंवा बाईवर अत्याचार झाल्याची केस निघाली की साहेब बघ्यांना बाहेर काढत, दार बंद होई, आत आरोपी आणि ती यांच्यामध्ये हिरवा पडदा लागे. तिचं नाव कोणी घ्यायचं नाही, छापायचं नाही, पुकारायचं तर नाहीच. भोंगा तिच्या बाकापाशी जाई, जरा वाकून "चला ताई" एवढंच म्हणे, आणि मग दाराला पाठ लावून स्टुलावर बसे. त्या वेळी बड्या वकिलालाही तो आत सोडत नसे.

हा नियम तो इतका काटेकोर पाळायचा, त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, आवाजाच्या तोऱ्यात, त्याने अशाच एका मुलीचं नाव तीनदा खणखणीत पुकारलं होतं. तेव्हा व्हरांड्यात तिच्या गल्लीतले दोघं दुसऱ्याच कामासाठी उभे होते. ती उठली, ओढणी डोक्यावरून पुढे घेतली आणि कोर्टात यायच्या ऐवजी जिना उतरून निघून गेली. पुन्हा कधी आलीच नाही. आरोपी सुटला. साहेबांनी भोंग्याला फैलावर घेतलं, पण त्याहून जास्त त्याने स्वतःला घेतलं. त्या मुलीची पाठ त्याला अजून दिसते.

तर अशा माणसाकडे एका बाईने भलतंच मागणं मागितलं.

बाई शिवणकाम करणारी. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले, पिशवीत नेहमी काहीतरी काजं-बटणाचं काम. तिची एकोणीस वर्षांची मुलगी संध्याकाळच्या क्लासहून घरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सापडली, ती कशी, हे आरोपपत्रात आहे, इथे नको. अत्याचार आणि खून, दोन्ही कलमं. केस सहा वर्षं चालली. कधी साक्षीदार नाही, कधी डॉक्टर बदलून गेलेले, कधी आरोपीचा वकील आजारी. बाईने एकही तारीख चुकवली नाही. आतलं ऐकवत नसे म्हणून ती बहुतेक वेळ व्हरांड्यातल्या तिसऱ्या बाकावर बसून काजं करी, आणि भोंगा येता-जाता विचारी, "ताई, पाणी?" तीही त्याला दादा म्हणू लागली होती.

निकालाला आठ दिवस उरले होते. तारीख सांगून झाली, तरी बाई उठेना.

"दादा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"त्या मेल्याचं नाव तुम्ही सहा वर्षं पुकारताय. दर तारखेला तीनदा. मी बसून ऐकते. माझ्या मुलीचं एकदा पुकाराल?"

भोंग्याला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. "ताई, तसं करता येत नाही. कायदा आहे. तिच्या अब्रूसाठीच आहे."

"माहितीय मला. सरकारी वकीलबाईंनी सगळं समजावलंय. त्यांच्या कागदात ती पीडिता. पेपरवाल्यांनी तर तिला मनाला येईल ते नाव देऊन टाकलं, लोक मेणबत्त्या घेऊन तेच नाव ओरडत गेले. आणि घरी? घरी हे म्हणतात, तिचा विषय नको. धाकटा 'ताई'सुद्धा म्हणत नाही. सहा वर्षांत कोणाच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलं नाही, दादा. मी शिवताना पुटपुटते, पण आपलंच आपण म्हणणं काय खरं! कोणीतरी मोठ्यांदा हाक मारावी असं वाटतं. क्लासला उशीर झाला की मी खिडकीतून मारायचे ना, तशी. एकदाच."

"नाही जमणार ताई," तो म्हणाला, आणि काही काम नसताना आत निघून गेला.

नाही म्हणून तर बसला, पण ते मागणं त्याच्यामागे घरापर्यंत आलं. घरी तो एकटाच. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला "अगं" याखेरीज हाक मारली नव्हती. लांबून मारायची झाली तर "अगं ए". ती चेष्टा करायची, "जगाची नावं घेऊन घसा सुकतो, माझंच तेवढं महाग झालंय होय?" तो हसून पेपर वर धरायचा. ती गेल्यावर एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने तिचं नाव घेऊन पाहिलं. दोन मजले हलवणारा तो आवाज, तेव्हा एवढासा निघाला. तिने ते ऐकायला हवं होतं, आणि ती असताना आपल्याला सुचलं नाही, ही हळहळ त्याला जेवताना ताटावरून उठवायची. त्या आठवड्यात तो रोज तसाच उठला.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भोंग्याने आरोपीचं नाव पुकारलं. आरोपी समोरच, पोलिसांच्या मध्ये उभा. न पुकारता चाललं असतं, पण रीत ती रीत. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज चिरकला. चाळीस वकिलांनी वळून पाहिलं.

साहेबांनी दीड तास वाचलं. वैद्यकीय पुरावा, कपड्यांवरचे डाग, रिक्षावाल्याची साक्ष, सगळं एकाला एक जोडून. पानापानावर "मृत पीडिता". शेवटी जन्मठेप. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईने पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांना हात जोडले. तिचा नवरा रिक्षा आणायला म्हणून खाली गेला. माणसं पांगली, साहेबांची गाडी गेली, कारकुनांनी कपाटांना कुलपं घातली. पावणेसहा झाले तरी बाई तिसऱ्या बाकावर तशीच. आज पिशवीत काम नव्हतं.

"चला ताई," भोंगा म्हणाला. "झालं आता."

"हो ना. झालं." ती उठली. "आता यायला नको इथे." एवढं बोलून ती पुन्हा खाली बसली. सहा वर्षं तारीख होती तोवर मुलीचं काहीतरी चालू होतं. उद्यापासून ते चालू नसणार होतं, आणि हे त्या दोघांनाही एकदमच कळलं.

भोंग्याने व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. जिन्यावरून खाली डोकावला. कोणी नाही. मग त्याने टोपी सारखी केली, पट्टा ओढून घेतला आणि कोर्टाच्या बंद दारापुढे नेहमीच्या फरशीवर जाऊन उभा राहिला. नोकरी जाईल, गेली तर गेली. आयुष्यात एक नाव पुकारायला नको होतं ते पुकारलं, आणि एक घ्यायला हवं होतं ते घेतलं नाही. या तिसऱ्याचा हिशेब ज्याला करायचा त्याने करावा.

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पुकारलं.

नुसतं नाव, तिसऱ्या बाकावरच्या पुटपुटण्यातून कानावर पडलेलं. वडिलांचं नाही, आडनाव नाही, केसचा नंबर नाही. फक्त शेवटचं अक्षर त्याने लांबवलं, खिडकीतून आई लांबवते तसं. बाईने डोळे मिटले. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले. तिसऱ्या वेळी आवाज असा लागला की तीस वर्षांत तसा लागला नव्हता. तो जिन्यातून खाली गेला, वर गच्चीपर्यंत गेला.

"आले, आले!"

भोंगा गर्रकन वळला. वरच्या जिन्यावर चपला फटफट वाजल्या आणि तिसऱ्या मजल्यावरची नवी टायपिस्ट, कामावर लागून जेमतेम महिना झालेली, दोन-दोन पायऱ्या उतरत धावत आली. खांद्याला पर्स, हातात डबा. त्या वयाच्या मुलींत ते नाव घरोघरी होतं. एवढी साधी गोष्ट भोंग्याच्या ध्यानात आली नव्हती.

"काय काका? मला बोलावलंत? काही राहिलं का माझं टाईप करायचं?"

त्याने बाईकडे पाहिलं. बाई उठून उभी राहिली होती. मुलीकडे ती वरून खालपर्यंत बघत होती, धावल्यामुळे लाल झालेला चेहरा, कपाळावर चिकटलेले केस, पायातली तुटायला आलेली चप्पल. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि तिने मुलीच्या खांद्यावरून सरकलेला पर्सचा पट्टा नीट वर केला.

"काही नाही गं," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत घरी जा."