रिफातला मानाचा भोपळा

मालू परबला चिडवायचं असेल तर फार कष्ट लागत नाहीत. ती स्वयंपाक करत असताना झाकण उघडून आत बघायचं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

बहरीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका कामगार कँटीनमध्ये एक सुपरवायझर हे रोज करायचा. दीडशे माणसांचं जेवण, आणि त्या भटारखान्यात मालू ही एकटी बाई. हा यायचा, झाकण उचलायचा, नाक मुरडायचा आणि स्वतःसाठी बाहेरून बिर्याणी मागवायचा. एकदा तांदळात किडे निघाले. मालूने तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. त्याच तांदळाचा भात शिजवला, ताटात वाढला आणि ते ताट नेऊन त्याच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर ठेवलं. म्हणाली, "साब, पहले आप. आप खाया तो बाकी लोग खाएगा." दुसऱ्या दिवशी तांदूळ बदलला. तिसऱ्या महिन्यात मालूचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि कुणी ते वाढवलं नाही. दीडशे माणसं चांगला भात जेवत राहिली, मालू मात्र दुसरं काम शोधत फिरली. खरं बोलणाऱ्या बाईचं असंच होतं, आणि मालूला त्याचं दुःखही नव्हतं. ती कुडाळकडची. तिकडे बायका भांडून झाल्यावर हिशोब करत बसत नाहीत.

तिथून ती रिफाला आली, शिरीष आणि अरुणाच्या व्हिलात. दोघंही पुण्याचे. तो बँकेत, ती एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. सोळा वर्षांची मुलगी सावनी, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच येतं. माणसं कशी आहेत असं कुणी विचारलं तर मालू सांगायची, "वायट नाय गो. पण पुण्याची."

म्हणजे काय, तर रजेचं उदाहरण घ्या.

बहरीनला आल्याला मालूला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांच्या घामातून तिने वाडीत घर बांधलं. चिऱ्याचं, पुढे ओटी, मागे न्हाणीघर. मुलगा परीक्षित आणि सून स्वप्नाली तिथेच शेजारच्या जुन्या खोपटात राहत होते, कारण नव्या घराची घरभरणी झाली नव्हती. घर जिने बांधलं तिने आधी उंबरठा ओलांडायचा, मग बाकीच्यांनी, असं परीक्षितने ठरवून टाकलं होतं. पोरगा आईवर गेलेला, हट्टी. त्यामुळे नवंकोरं घर दोन वर्षं कुलूप लावून मालूची वाट बघत होतं आणि मालू ते घर मोबाईलवर बघत होती.

दोनदा मुहूर्त काढला, दोनदा मोडला. मालू रजेचं विचारायची आणि शिरीष म्हणायचा, "इंशाल्ला, मालूताई."

आता इथला अरब म्हातारा इंशाल्ला म्हणाला तर त्यात देवाची आण असते, काम होऊन जातं. पुण्याचा माणूस बहरीनमध्ये इंशाल्ला म्हणाला की समजायचं, खलास.

यंदा माघातला तिसरा मुहूर्त होता. स्वप्नालीला सातवा महिना लागणार होता. परीक्षितने फोनवर सांगितलं, "आये, ह्या टायमाक नाय इलंस तर आमी कुलूप फोडून आत जातलंव. बाळ काय खोपटात जल्माक घालूचा?" मालूने फोन ठेवला आणि त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आणि नेमकं तेव्हाच ते टर्कीचं प्रकरण आलं.

शिरीषच्या बँकेचा मोठा साहेब इंग्लंडचा. त्याची मुलं तिकडे, म्हणून ख्रिसमसचं दुपारचं जेवण दरवर्षी बँकेतलं एखादं कुटुंब त्या नवरा-बायकोला देतं. यंदा पाळी शिरीषची. त्याच्या बढतीचं घोडं त्याच साहेबाच्या टेबलावर अडलेलं, त्यामुळे घरात लग्नघरासारखी गडबड.

"मालूताई," अरुणा म्हणाली, "मॅडम व्हीगन आहेत हं."

"म्हणजे?"

"मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही."

"एकादशी."

"दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही."

मालूचा लाटणं धरलेला हात थांबला. "तूप नाय? डॉक्टरान सांगल्यानी?"

"नाही हो, स्वतःच्या मनाने."

"अरे देवा. बिचारी."

त्यांच्याकडे ख्रिसमसला टर्की लागते. टर्की म्हणजे कोंबडीची दांडगी मावशी. पण मडम ती खाणार नाही, आणि टर्की नसेल तर साहेबाला सण वाटणार नाही. म्हणून अरुणाने सुपरमार्केटमधून वनस्पतींपासून केलेली टर्की आणली. थिजलेला, करडा, विटेएवढा ठोकळा. खोक्यावर मात्र खरपूस पक्ष्याचा फोटो.

शिरीष स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मालूताई, एवढं जेवण नीट पार पडू दे. मग तुमच्या रजेचं बघतो. शब्द."

इंशाल्ला नव्हे, शब्द! मालूने पदर खोचला.

खोक्यावर पाच भाषांत सूचना होत्या. मराठी सहावी असती तरी मालूने वाचली नसती. घट्ट दिसणाऱ्या वस्तूचं काय करायचं हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईने. चणे असोत, वाल असोत, काळे वाटाणे असोत, आधी भिजत घालायचं, मग कुकर, तीन शिट्ट्या. जेवणाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तिने रात्रभर भिजलेली टर्की मोठ्या कुकरात बसवली. झाकण लावलं. तीन शिट्ट्या झाल्या. नऊ वाजता झाकण उघडलं तेव्हा आत टर्की नव्हती. आत खळ होती. पोस्टर चिकटवायला उत्तम.

अरुणा आली, तिने आत बघितलं, मालूने तिला बघू दिलं. यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"हे काय झालं?"

"हरवली," मालू म्हणाली.

अरुणाने तीन सुपरमार्केटांना फोन लावले. तिन्हीकडे एकच उत्तर, संपली. ती खुर्चीत बसली. "एक वाजता येणार ते लोक. शिरीषला काय सांगू? गेला बिचारा बर्फ आणि फुलं आणायला."

मालूला शिरीषच्या बढतीचं काही नव्हतं. तिला कुलूप दिसत होतं, आणि ते फोडायला हातोडा घेऊन उभा असलेला परीक्षित. स्वतःच्या घरात लोक शिरणार आणि आपण इथे रिफात खळ ढवळत बसणार! तिला स्वतःचाच एवढा राग आला की तिने तो कुकर आदळला. आदळताना तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे अरुणाने घारग्यांसाठी आणलेला लाल भोपळा बसला होता. गोल, गुबगुबीत, देठाची मान वर काढून.

मालू त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, आमच्या देवीक बकऱ्याच्या जागी कोहळो चलता."

"काय?"

"पणज्याच्या काळापासून चलता. बकरो नको म्हणणाऱ्यांनी कोहळो द्यायचो, देवी रागवत नाय. देवीक बकऱ्याच्या जागी कोहळो चलता तर मडमेक टर्कीच्या जागी भोपळो कशाक नाय चलाचो? मडम काय देवीपेक्षा मोठी?"

अरुणाने भोपळा उचलून ओट्यावर ठेवला. तिच्याकडे दुसरा पक्षीही नव्हता.

पण एक अडचण होती. सावनीने उत्साहाने सुरी आणली आणि मालूने ती हिसकावून घेतली. "थांब! अख्खो भोपळो बायल माणसान पयलो कापूचो नसता. पयलो घाव पुरुषाचो."

"मावशी! दॅट्स सो सेक्सिस्ट!"

"आसांदे. निवडणा आमचा, चिरणा आमचा, रांधणा आमचा, भांडी आमची. एक घाव तेंका पडता, तो पण तू काढून घे. शाणी!"

सावनीने यावर विचार केला आणि सुरी परत ठेवून आली.

पुरुष घरात नव्हता, म्हणून भोपळा अख्खाच ओव्हनमध्ये जाणार हे ठरलं. वाफ कोंडून फुटू नये म्हणून मालूने दाभणाने चौफेर टोचला. टोचणं म्हणजे कापणं नव्हे, हा निकाल तिने स्वतःच दिला. खोबरेल तेलात मालवणी मसाला कालवून अंगभर चोळला. अरुणा सवयीने तुपाची वाटी घेऊन आली तेव्हा मालू ओरडली, "वहिनी, तूप! मडम मरात!" भोपळा भाजून तांबूस, सुरकुतलेला झाला तेव्हा त्याला दोन कच्च्या केळ्यांच्या तंगड्या लावल्या. सावनी म्हणाली, "इट लुक्स लाइक अ प्रेग्नंट पोपट." सोबत नारळाच्या रसातली काळ्या वाटाण्यांची उसळ, भाकरी आणि सोलकढी. मालूच्या लक्षात आलं की यातल्या कशालाच दूध-तूप लागत नाही. वाडीतली गरीब माणसं जन्मभर मडमसारखंच खात आली होती, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

शिरीषला दारातच सगळं सांगण्यात आलं.  त्याने फुलं बादलीऐवजी बर्फात ठेवली.

एक वाजता पाहुणे आले. साहेब उंच, लालबुंद, हसरा. मडम काटकुळी. भोपळा परातीतून आला तसा साहेब उभाच राहिला. "अरे वा! हा तर पक्षीच!" मडमने विचारलं, यात लोणी आहे का? अंडं आहे का? सावनीने नाही नाही सांगितलं. मडमच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. साहेबाने सोलकढीचा जग उचलला, भोपळ्यावर ओतायची ग्रेव्ही समजून बाजूला तयार ठेवला आणि म्हणाला, "आमच्याकडे घरच्या पुरुषाने पक्षी कापायचा असतो. शिरीष, सुरी घे! पण आधी प्रार्थना. तुमच्यात कोण म्हणतं?"

शिरीषने सुरी घेतली. प्रार्थना? त्याने अरुणाकडे बघितलं. अरुणाने सावनीकडे. सावनीने मालूकडे.

मालू दारात उभी होती. गावात देवापुढे गाऱ्हाणं पुरुष घालतात, तेही मानकरी. पण इथे मानकरी कोण? हा पुणेकर? त्याला धड हात जोडता येईनात, हातात सुरी. मालूने पदर डोक्यावर घेतला आणि पुढे आली.

"गाऱ्हाणा मी घालतंय. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणाचा. आणि भाऊ, गाऱ्हाणा पुरा होयसर सुरी खाली ठेवूची नाय." हा दुसरा नियम तिने त्याच क्षणी केला.

सावनीने साहेबाला आणि मडमला शिकवलं. साहेबाने दोनदा घोकून घेतलं.

"बा देवा म्हाराजा!" मालूचा आवाज दीडशे माणसांच्या कँटीनचा, व्हिलाच्या काचा हादरल्या. "आज समुद्रापलीकडे ह्या रिफाच्या घरात तुझी लेकरां जमली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबाचा आवाज सगळ्यांत मोठा.

"पक्ष्याच्या जागी ह्यो भोपळो ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मडम लय बारीक झाली हा. तिच्या अंगार वायच मांस येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मडमने मनापासून म्हटलं.

"सावनीच्या तोंडात मराठी येवंदे रे म्हाराजा!"

"हे! नॉट फेअर! व्हय म्हाराजा."

मालूने श्वास घेतला. "आणि ह्या घरचो धनी, जेच्या हातात सुरी हा, तेका मालू परबाची रजा देवची बुद्धी दी. दोन वरसां तिचा घर कुलूप घालून तिची वाट बघता. माघात घरभरणी आसा. जो काय अडथळो आसात तो ह्या भोपळ्याबरोबर कापून टाक, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेब गरजला. मडम म्हणाली, सावनी म्हणाली, अरुणा म्हणाली. मग सगळे शिरीषकडे बघायला लागले, कारण तो एकटा म्हणाला नव्हता.

"शेवटचं फार लांब होतं," साहेब म्हणाला. "काय मागितलं?"

शिरीष म्हणाला, "हे आपलं, सगळ्यांचं भलं..."

"नो बाबा," सावनी म्हणाली, आणि तिने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. कुलपासकट.

साहेबाने चष्मा काढून पुसला. "दोन वर्षं? शिरीष, बँकेत सक्तीची रजा न घेणाऱ्यांना पत्र कोण पाठवतं?"

"मी," शिरीष म्हणाला. सुरी धरून त्याचा हात भरून आला होता, पण नियम म्हणजे नियम. "देणारच होतो, सर. म्हणजे बघतो. माघात ना? इंशाल्ला..."

"इंशाल्ला नाय," मालू म्हणाली. "आमच्या गाऱ्हाण्यात तो शब्द नाय."

भोपळ्याची वाफ टोचलेल्या भोकांतून हळूहळू वर येत होती. अरुणा दबक्या आवाजात म्हणाली, "म्हण ना रे. गार होतंय."

"व्हय," शिरीष म्हणाला, "म्हाराजा."

आणि त्याने घाव घातला. भोपळा लोण्यासारखा उघडला, एक तंगडी घरंगळत मडमच्या ताटात गेली, आणि साहेबाने त्यावर सोलकढी ओतली. कुणी थांबवलं नाही. दोनदा मागून खाल्लं त्याने.

माघात, घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी, मालू नव्या घराच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसली होती. आत स्वप्नाली झोपली होती, ओटीवर कापलेल्या कोहळ्याची अर्धी फोड पडली होती. तेवढ्यात रिफाहून व्हिडिओ कॉल आला.

"मालूताई," अरुणा म्हणाली, "भोपळा आणलाय. शिरीष ऑफिसात. मी कापू का?"

"खबरदार!"

"अहो, पण तो सातला येणार."

"मग सातला जेवा," मालू म्हणाली, आणि उंबरठ्यावरची ऐसपैस जागा सोडून तसूभरही हलली नाही.