पाटीवरचा मजकूर

सकाळी साडेनऊ वाजता अंदमानातल्या एका बेटाजवळ मी समुद्रात तीन मीटर खाली गेलो आणि कान दुखू लागल्याने बोटीवर परतलो. बायको, सुमती, स्कूबा प्रशिक्षक तपनबरोबर पुढे गेली. गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर आली असताना तिने तपनच्या मदतीने प्रवाळाचा एक मोडका तुकडा तळाच्या लोखंडी जाळीला बांधला होता. नंतर उन्हाळ्यात पाणी तापलं आणि आसपासचं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. तिचा तुकडा जगला का, हे पाहायलाच आम्ही आलो होतो.

"तुम्ही बोटीची राखण करा," असं ती जाताना म्हणाली.

न पाहिलेल्या घटनांच्या बातम्या मी तीस वर्षं लिहिल्या. पाहणाऱ्याचा हेवा कधी वाटला नाही. त्या दिवशी मात्र बुडबुड्यांच्या दोन रांगा शेजारीशेजारी वर येत होत्या आणि मी त्यांच्यातलं अंतर पाहत होतो. पाण्याखाली माणसं खुणांनी बोलतात. त्या खुणा त्या दोघांना येत होत्या.

चाळीस मिनिटांनी दोघं हसत वर आली.

"जगलाय का?" मी विचारलं.

"अहो, मास्क तर काढू द्या!" म्हणत तिने पाण्याखाली लिहायची छोटी पाटी माझ्या हातात दिली. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'जगलाय. तीन नवे फुटवे.'

"तुमने पढ़ा?" मी तपनला विचारलं.

"नहीं दादा," तो म्हणाला. "मुझे सिर्फ़ बांग्ला पढ़ना आता है."