फोटोतली बाही

माणूस गेल्याची बातमी आली की त्याच्या घरी जाऊन फोटो मागून आणायचा, हे आमच्या कचेरीत शिकाऊ मुलाचं काम होतं. मी तेव्हा चंद्रपूरला पत्रकारिता शिकत होतो आणि संध्याकाळी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उमेदवारी करत होतो. त्या कामाची एक रीत होती. चप्पल बाहेर काढायची. आधी बसायचं. दिलेलं पाणी प्यायचं. घरातलं कुणी आपणहून विचारेपर्यंत फोटोचा विषय काढायचा नाही. मग आतून अल्बम येई, कोणता द्यायचा यावर हलक्या आवाजात बोलणं होई. मिळालेल्या फोटोमागे पेन्सिलीने पत्ता लिहायचा आणि छापून झाला की नेऊन परत करायचा. मला हे काम नकोसं वाटे. पण बातमीची नीती म्हणून मला जे काही कळलं, ते त्या पाण्याच्या पेल्याजवळ कळलं. वर्गातलं सगळं परीक्षेपुरतं होतं.

ती माझ्या वर्गात होती. वडील कोळसा खाणीत हजेरीचे कारकून, मूळचे चिमूरकडचे. बौद्ध घर, बुद्धमूर्तीशेजारी पुस्तकांची फळी, आणि वडील पेपर वाचायला घेतला की शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणारे. तिसरा आमचा फोटोग्राफर मित्र. गावात त्यांच्या घराण्याचा दोन पिढ्यांचा स्टुडिओ होता, मुसलमानांच्या लग्नांइतकीच हिंदूंची लग्नंही त्यांच्याकडेच असत. आम्ही तिघं बहुतेक वेळ एकत्र असायचो. परकोटाच्या भिंतीजवळ, कॅमेरा दगडावर ठेवून, त्याने आमचा एक फोटो काढला होता. मधे ती, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. तो फोटो तिने आपल्या पानावर लावला होता. त्या वर्षी सगळे एकाच संकेतस्थळावर होते. आता ते बंद पडलं आहे. अर्ध्या तासासाठी इंटरनेट कॅफेत बसायचं, एकमेकांच्या पानावर चार ओळी टाकायच्या आणि उठायचं. ते पान म्हणजे आपलं घर नव्हे, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं.

वर्गाच्या सरावाच्या अंकासाठी तिने विषय निवडला होता. अहेरीच्या पुढे एका नाल्यापलीकडची गावं पावसाळ्यात तुटतात आणि नर्सबाई डोंग्यातून पलीकडे जाते. त्या नर्सबाईबरोबर एक दिवस राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आम्ही तिघं जाणार होतो. आदल्या दिवशी मी सांगितलं की कचेरीतून सुट्टी मिळत नाही. खरं तर मी सुट्टी मागितलीच नव्हती. मला नाल्याची भीती वाटत होती.

डोंगा उलटला. नर्सबाई आणि डोंगा चालवणारा काठाला लागले, मित्राला दोन तासांनी एका झाडावरून उतरवलं. ती सापडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. अहेरीच्या वार्ताहराने संध्याकाळी फोनवरून बातमी दिली, तेव्हा ती उतरवून घ्यायला मीच बसलो होतो. चंद्रपूरची विद्यार्थिनी बुडाली, सोबतचा तरुण बचावला. मी ते सगळं लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं.

आमच्या प्रमुखांना आम्ही भाऊ म्हणत असू. त्यांनी फोटो आण म्हटलं. मी सायकल काढली. तिचं घर वीस मिनिटांवर होतं. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा दारासमोर चपलांचा ढीग दिसला, आणि मी सायकल तिथेच थांबवली. मी आपणहून कोणता विषय काढणार होतो? कुणी विचारलं असतं की तू का नव्हतास, तर? मी वळलो, कॅफेत गेलो, तिच्या पानावरून तो तिघांचा फोटो उतरवून घेतला. कुणी पाणी दिलं नाही, कुणी कोणता फोटो ते ठरवलं नाही. तीन मिनिटंही लागली नाहीत.

फोटो देताना मी भाऊंना सांगितलं की ती वर्गाच्या कामासाठी गेली होती. त्यांनी लगेच आमच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, विभागाने कुणाला बाहेरगावी पाठवलेलं नाही. सरांची चूक म्हणवत नाही, घाबरले असावेत. भाऊंनी फोन ठेवला.

"पाह्य बाबू, दुजोरा नाई. कसं लिहू मी?"

सकाळी बातमी आली. 'फिरायला गेलेल्या जोडप्यावर काळाचा घाला.' फोटोत ते दोघंच होते. मला कापलं होतं. खाली दोन नावं शेजारी शेजारी छापली होती, आणि आमच्याकडे वेगळ्या धर्मांची अशी दोन नावं शेजारी आली की बाकी काही लिहावं लागत नाही. मी पुष्कळ वेळा विचार केला आहे: ती कामाला गेली होती याला दुजोरा लागला, ती जोडप्यातली होती याला लागला नाही. भाऊंना कुणी ते विचारलं नाही. मीही नाही.

दोन दिवसांत कुणीतरी ते कात्रण स्कॅन करून त्याच संकेतस्थळावरच्या आमच्या कॉलेजच्या गटात टाकलं. आधी हळहळ होती, मग विनोद सुरू झाले, मग मित्राच्या घराण्याबद्दल लिहिलं जाऊ लागलं. स्टुडिओचं शटर आठवडाभर खाली होतं. मित्राला त्याच्या घरच्यांनी आंध्रात आत्याकडे पाठवलं. तो मला भेटून गेला नाही. मी एकदा कॅफेत बसून त्या गटात लिहिलं की ती कामासाठी गेली होती, मला माहीत आहे, मीही जाणार होतो. संध्याकाळी पाहिलं तर खाली कुणी लिहिलं होतं, 'अरे, तिसरा पण होता का?' त्याखाली हसण्याच्या खुणा. मी माझी ओळ काढून टाकली. त्यांची तिथेच राहिली.

पाचव्या दिवशी तिचे वडील कचेरीत आले. घडी घातलेला पेपर त्यांनी टेबलावर उघडला आणि फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तिच्या खांद्याला लागून चौकटीच्या शर्टाची थोडीशी बाही छापून आली होती.

"हे बाही कोनाची होय?"

मी म्हटलं, माझी.

"मंग तिघं होते न तुमी." त्यांनी बाहीवरचं बोट उचललं. "तुले काऊन कापलं?"

ते भाऊंकडे वळले. त्यांना फार काही नको होतं. पोरगी फिराले नाई गेली, कामाले गेली होती, वही घेऊन गेली होती. येवढी एक ओळ टाका, म्हणाले. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि कॉलेजचं पत्र आणायला सांगितलं. ते कॉलेजात चार वेळा गेले. पत्र मिळालं नाही. मी माझ्या सहीने लिहून देऊ शकलो असतो. भाऊंनी मागितलं नाही आणि मी दिलं नाही. मला त्या कचेरीत कायम व्हायचं होतं. झालोही.

त्या वर्षी परीक्षेत वृत्तपत्रीय नीतीवर प्रश्न आला होता. मी पाच पानं लिहिली. वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले.

वर्षाने तिचे वडील पुन्हा आले. प्रथम स्मृतिदिनाची जाहिरात द्यायची होती. तिचा चांगला फोटो घरी नव्हता. शाळेतले होते, पण त्यात ती लहान होती. त्यांनी माझ्याकडे त्या तिघांच्या फोटोची प्रत मागितली. मी ती स्टुडिओतून कधीच करून घेतली होती आणि टेबलाच्या खणात ठेवली होती. मागे पेन्सिलीने त्यांचा पत्ताही लिहिला होता. ती नेऊन द्यायचं धैर्य मात्र झालं नव्हतं.

जाहिरातीच्या खिडकीवर त्यांनी कात्री मागितली. उभ्यानेच, सावकाश, आधी मित्राला कापलं, मग मला. माझी बाही तिच्या खांद्याला इतकी चिकटून होती की ती सुटेना. शेवटी त्यांनी थोडा तिचाच खांदा कापला. मग अर्ज भरला. नाव, दोन तारखा, शोकाकुल परिवार. मी वाकून वाचला.

"ती ओळ लिहायची राहिली, काका," मी म्हटलं. "जाहिरातीत लिहिता येते. इथे पत्र लागत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"राहू दे, बेटा. आता लिवलं तर लोकं इचारतीन, काऊन लिवलं."

ते गेल्यावर खिडकीवर दोन पट्ट्या उरल्या होत्या. शिपायाने त्या टेबल पुसताना कागदांबरोबर उचलल्या. मी त्याला थांबवलं नाही.