जांभ्याखालचं पाणी

सुजाता कांबळे गेल्याचा फोन आला तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मी मेथी निवडत बसले होते. पलीकडून तिचा धाकटा भाऊ मिलिंद बोलत होता. "जयभीम, विजयाताई," एवढं म्हणून तो थांबला, आणि त्या थांबण्यातच मला कळायचं ते कळलं. पहाटे गेली म्हणाला, त्रास फार झाला नाही म्हणाला... आषाढाचे दिवस होते. गारगोटीच्या पुढे रस्त्यावर पाणी आलेलं, गाड्या बंद. मी तिच्या गावी पोचले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या आईनं मला दारात पाहिलं, आणि आपल्या शेजारी घोंगड्यावर सरकून जागा केली. सुजाताचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. त्यामुळे असेल कदाचित, आज इतके आठवडे झाले तरी ती कुठल्याशा डोंगरावर गेलीय आणि संध्याकाळपर्यंत येईल, असं मला मध्येच वाटून जातं.

आमची ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहातली. तेव्हा शेतीच्या शिक्षणाला मुली फारशा येत नसत. आम्हा मोजक्या जणींत ती भुदरगडच्या डोंगरातली आणि मी शिरोळकडची, कृष्णाकाठची. जिल्हा एकच, पण तिच्याकडे पाऊस सुरू झाला की दिवाळीच्या तोंडापर्यंत उसंत नाही आणि आमच्याकडे आभाळ नुसतं भरून येऊन पुढे जाणार. तिची माती तांबडी, माझी काळी. पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्या गावी आली होती. ऊस तुटून गेलेल्या रानात हाताचा पंजा आरामात आत जाईल अशा भेगा पडल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसून त्या भेगेत वाकून बघत राहिली. मग वडिलांनी तिला सांगितलं की पाऊस पडला की हीच जमीन फुगते, भेगा मिटतात, आणि एकदा आत गेलेलं पाणी ती महिनोन्‌महिने सोडत नाही. सुजाता म्हणाली, "आमची माती म्हंजी चाळण. वरनं वत, खालनं जातंय." वडील खूप हसले. त्यानंतर मी सुट्टीला गेले की ते पहिला प्रश्न विचारायचे, ती चाळणीवाली पोरगी कशी आहे.

तिच्या गावी मी गेले ती त्याच वर्षीच्या हिवाळ्यात. वस्तीच्या मागे चढ लागतो आणि वर पोचलं की एकदम सपाट, उघडा सडा पसरलेला. दूरवर नुसता जांभा खडक, भाजलेल्या विटेच्या रंगाचा, सगळा भोकाभोकांचा. त्याच्या खळग्यांत आणि कडेच्या पट्ट्यांत काय ती बोटभर माती. तेवढ्यावर नाचणी, वरी आणि कडेला काजू. ती मला सांगत होती, लाखो वर्षं इथं धो धो पाऊस पडतोय, मग कडक ऊन. पावसानं खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते धुऊन नेलं, चुना नेला, पिकाला लागणारं बरंच काही नेलं. मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाचा गंज चढला म्हणून ही तांबडी. ताजा जांभा कुऱ्हाडीनं तासता येतो, पण उघड्या हवेत पडला की दगड होतो. हे सगळं आम्हाला वर्गात शिकवलं होतंच. पण वर्गात कुणी असं पायाखालच्या जमिनीवर हात ठेवून, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोललं नव्हतं.

मग तिनं मला सड्याच्या कडेखाली नेलं. तिथे त्यांचा झरा होता. वर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो, खाली चिकणमातीचा थर त्याला अडवतो, आणि ते पाणी कडेनं बाहेर येतं. गावातल्या विहिरीवर तिच्या लोकांना जाऊ देत नसत, त्या काळी तिच्या आजोबांनी आणि वस्तीतल्या माणसांनी ही ओल हेरली, पहारींनी खडक फोडला आणि दगडांचं छोटं कुंड बांधलं. ऐन मे महिन्यातही बोटाएवढी धार कधी तुटली नव्हती. वस्तीतल्या बायका तिथे पाण्याला येत, बोलत, भांडत, लेकरांना न्हाऊ घालत. सड्याची आणि त्याच्या कडेची जमीनही याच घरांच्या वाट्याला आलेली होती, कारण ती दुसऱ्या कुणाला नकोच होती. सुजातानं ओंजळ भरून पाणी माझ्यापुढे धरलं. "पी की," म्हणाली, "कुनाला इचारायला लागत न्हाय हितं."

शिक्षण संपलं. माझं लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, शाळेत लागले. ती माती तपासणीच्या सरकारी नोकरीत लागली. लग्नाचा विषय तिनं एकदोनदा घरच्यांच्या समाधानासाठी ऐकून घेतला आणि सोडून दिला. रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. बूट दारात काढले तरी तिच्या पावलांचे तांबडे ठसे स्वयंपाकघरापर्यंत उमटायचे, आणि माझ्या सासूबाई तिच्यामागून फडकं घेऊन यायच्या. बोलणं कशावरही निघालं तरी फिरून मातीवर यायचं. 

दशक सरता सरता सड्यावर खाणीची माणसं आली. जांभ्याखाली बॉक्साइट होतं. ज्या जमिनीला कुणी विचारलं नव्हतं तिच्यासाठी जीपगाड्या येऊ लागल्या. कराराचे पैसे मिळतील, पोरांना खाणीवर काम मिळेल असं सांगितलं गेलं. मिलिंद तेव्हा बारावी होऊन घरीच बसून होता. सुजाता सुट्टी काढून गावी गेली. त्या बैठकीला मीही तिच्यासोबत होते. समाजमंदिरात सगळी वस्ती जमलेली. तिनं सड्यावरून आणलेला जांभ्याचा मोठा दगड परातीत ठेवला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी दगडात शिरलं, आणि मग सावकाश खालून परातीत उतरत राहिलं. हा दगड नेला तर पाऊस सगळा वरच्या वर वाहून जाईल, झऱ्याला काही उरणार नाही, असं तिनं समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग मागून एक बाप्या उठला. आवाजात राग नव्हता त्याच्या. म्हणाला, "सुजा, तुजं खरं हाय. पर तुला पगार हाय. आमच्या पोरांनी काय करायचं, ते बी सांग की." 

सुजाता खाली बसली. परतताना एसटीत ती मला एवढंच म्हणाली की त्यानं विचारलं ते चुकीचं नव्हतं.

एकेक घर करार करत गेलं. शेवटी तिच्या वडिलांनी, आप्पांनीही केला. चारी बाजूंनी खणल्यावर मधला तुकडा राखून काय होणार होतं? आणि मिलिंदला काम हवं होतं. अंगठा नव्हे, आप्पा सही करत. सही करताना त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. सुजाता भांडली नाही. तिनं एकच गोष्ट मागितली: वरची माती खरवडाल ती दगडधोंड्यांत मिसळू नका, बाजूला वेगळी रचून ठेवा. कंपनीच्या साहेबाला हसू आलं, एवढ्याशा मातीचं काय करणार म्हणाला. पण आप्पा तिथे हटून बसले. मातीचा ढीग वेगळा राहील तरच सही. त्यांच्या तुकड्यातली तेवढी माती मग खरंच वेगळी ठेवली गेली.

त्यानंतरचे उन्हाळे मी बहुतेक तिच्या तोंडून ऐकले. पहिल्या वर्षी धार बारीक झाली. पुढे ती थेंबावर आली. मग एका वर्षी होळीच्या सुमारास कुंड कोरडं पडलं. बायका घागरी घेऊन गावातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. आता तिथे मज्जाव नव्हता, कुणी अवाक्षर काढलं नाही, उलट काही जणींनी घागर उचलून द्यायला हात लावला. तरी सुजाताची आई पहिल्या दिवशी घरी येऊन रडली. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. म्हणाली, "आडवत न्हाय आता कोन. पर आपलं ते आपलं हुतं गं." सुजाता ऐकत होती. उठून परसात गेली.

काही वर्षांनी माल संपला तशी खाण बंद झाली. गाड्या गेल्या, कामं गेली, सड्यावर मोठा खड्डा राहिला. सुजातानं गारगोटीला बदली मागून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी घमेलं घेऊन वर जाऊ लागली. राखून ठेवलेली माती ती खड्ड्याच्या तळाशी पसरत होती. ती पावसानं वाहू नये म्हणून दगडांचे बांध घालत होती. एकटीच. खाणीवरचं काम गेल्यापासून, जणू खाण तिच्यामुळेच बंद पडली असं धरून, मिलिंद तिच्याशी धड बोलत नव्हता. एका सकाळी तो पाठोपाठ आला, खोरं उचललं आणि माती ओढू लागला. संध्याकाळी दोघं एकत्र जेवले. त्यांनी काजू लावले, जांभूळ लावली, हिरडा लावला. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळी रोपं मेली. दुसऱ्या वर्षी बांध फुटला. पण काही जगली. मी एकदा विचारलं, झरा परत येईल का गं? तिनं मला खोटं सांगितलं नाही. जांभा तयार व्हायला किती लाख वर्षं लागतात ते मी परीक्षेत लिहिलंय, म्हणाली, आपल्या हयातीत नाही. कुंडाच्या दगडाला एखाद्या पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत ओल राहायची, तेवढंच.

मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी कोल्हापूरला यावं लागे, तेव्हा ती आमच्याकडे उतरायची. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. पाणी मोजून प्यायचं, ते घोटघोट पुरवायचं. एका दुपारी ती खिडकीशी बसली होती. सुजलेल्या घोट्यावर बोट दाबून पडलेला खळगा हळूहळू भरताना बघत होती. मला म्हणाली, "विजू, मी तुमच्या काळ्या रानासारखी झालो बघ. पानी आत आलं की निचरतच न्हाय." आणि हसली. मला हसता आलं नाही. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिले. ती आमच्याकडे आली ती तीच शेवटची खेप. पुढे तिला प्रवास झेपेना, आणि तिनं गावीच राहायचं ठरवलं.

तिच्या नावानं वस्तीत पुण्यानुमोदनाचा विधी होता, त्या दिवशी मी पुन्हा गेले. बुद्धवंदना झाली, माणसं बोलली, जेवणं झाली. पांगापांग झाल्यावर आईनं मला सुजाताच्या खोलीत नेलं. खाट उचलून ठेवली होती. कपडे सगळे धुऊन, घड्या घालून एका पेटीत रचलेले. वाटून टाकायचे होते. फक्त एक पांढरी साडी आईनं दोरीवरच ठेवली होती. मी हातात घेतली. काठापासून वीतभर वर, सगळीकडून, ती तांबडी झालेली होती.

आई दोरीला धरून उभी राहिली. म्हणाली, बुद्धपौर्णिमेला सुजातानं ही साडी नेसायला मागितली. वंदना झाल्यावर कुणाला न सांगता काठी टेकत वर सड्यावर गेली. तिला चालवत नव्हतं. मिलिंद हाका मारत मागून धावला तेव्हा ती खड्ड्यात उतरून एका काजूच्या रोपाजवळ फतकल मारून बसली होती, हातानं त्याच्या बुडाची माती सारखी करत. त्यानं तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं.

"आल्यावर लई बोललो मी तिला," आई म्हणाली. "आन् ती गेल्यावर ही धुवाया घेतली. सोडा घातला, लिंबू लावलं, उनात टाकली. न्हाय निघाली." तिनं माझ्या हातातून साडी घेतली, काठ बोटांनी सरळ केला आणि परत दोरीवर टाकली.

"मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."