नव्या कलाभवनाला विंगा आल्या त्याची हकीकत

आमच्या पेठेतलं जुनं कलाभवन धोकादायक आहे, असा निष्कर्ष निघाला तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. निष्कर्ष बरोबर होता. पत्र्यांना भोकं पडली होती, आणि जिल्ह्यात गगनबावड्याच्या खालोखाल पाऊस आमच्याच प्रेक्षागृहात पडतो, असं नाटकवाले म्हणत. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो. त्या छपराची बातमी मी दर पावसाळ्यात देत असे. आदल्या वर्षीचं कात्रण काढून थोडं दुरुस्त केलं की भागायचं.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, त्या कलाभवनात बायकांचं हौशी नाट्यमंडळ चालवायची. त्यात एक नर्स होती, एक बालवाडीची बाई, गिरणीवाल्याची सून आणि उचगावहून बसनं येणारी एक शिवणकाम करणारी. घरचं आणि नोकरीचं उरकून संध्याकाळी त्या तिथं तालमीला जमत. कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते. बायकांची तालीम आहे असं ऐकून काही जण मुद्दाम बघायला येत आणि निराश होऊन परत जात.

नवं भवन बांधायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. रंगमंचाशी त्यांचं नातं जुनं होतं. आयुष्यातली बरीच वर्षं ते त्यावर बसूनच होते. समितीतले इतरही त्यांच्या शेजारी बसणारे.

जागा रिकामी करायची वेळ आली तेव्हा आक्कानं मंडळाच्या खोलीची किल्ली द्यायला नकार दिला. तिचं म्हणणं एकच होतं. नव्या रंगमंचाला विंगा कुठं आहेत आणि नटांनी मागून यायची वाट कुठून आहे, ते आधी नकाशावर दाखवा. विंगा म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंचे आडोसे. आपली पाळी येईपर्यंत नट तिथं उभा राहतो. त्या नसल्या तर नाटक होत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. समितीला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

आमच्याकडं विरोधकाला गप्प करायची एक पद्धत आहे. त्याचा सत्कार करतात. पाडकामाच्या शुभारंभाला आक्काला प्रमुख पाहुणी केलं, डोक्याला भगवा फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. रंगमंचाच्या ज्या कडेवर ती दर प्रयोगाआधी नारळ फोडायची, तीच कडा पाडण्यासाठी तिनं त्या कडेवर नारळ फोडला. अध्यक्ष माईकवर म्हणाले, “आक्कांनी सांगितलं आन् आमी केलं न्हाय, असं व्हईल काय?” टाळ्या पडल्या. किल्ली तिनं तिथंच दिली. डोक्यावर फेटा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही.

बांधकाम वर्षानुवर्षं लांबलं. तालमी आमच्या घरी, पुढच्या खोलीत होऊ लागल्या. माझा पलंग कधी कोर्ट व्हायचा, कधी देऊळ. आईला सगळ्यांचे संवाद पाठ झाले आणि चहा देता देता ती चुका काढायला लागली.

पुढं दोन हजार साल मागं पडल्यावर बहुउद्देशीय सांस्कृतिक संकुल उभं राहिलं. खाली दुकानगाळे होते, तिथं झेरॉक्स आणि मोबाइलवाले आले. संस्कृती वरच्या मजल्यावर होती, वातानुकूलित. रंगमंचावर काय काय हवं, असं वास्तुविशारदानं समितीला विचारलं होतं आणि समितीनं अनुभवाला स्मरून उत्तर दिलं होतं. म्हणून रंगमंचावर सोफ्यांच्या दोन रांगा आरामात मावत होत्या. हार घेऊन कार्यकर्त्यांना चढता यावं म्हणून समोरून ऐसपैस पायऱ्या होत्या. मागं बॅनर लावायला सपाट भिंत, डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत. नट येणार कुठून, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण मान्यवर समोरून येतात.

आक्कानं अध्यक्षांना विचारलं, “विंगा कुठं हायत?”

“आक्का, एसी बगा की,” ते म्हणाले.

ती वैतागून घरी आली. तालमीला येणाऱ्या बायकाही तोवर कंटाळल्या होत्या. किती दिवस कॉटवर नाटक करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग आक्कानं स्वतःच एक नाटक लिहिलं. यायला वाट नाही, तर कुणी यायचंच नाही आणि जायचंच नाही. सासऱ्याच्या तेराव्यानंतर घरातल्या सगळ्या बायका एका रांगेत खुर्च्यांवर बसल्यात. मधली खुर्ची सासऱ्याची, ती रिकामी. एकेक सून उठते आणि त्या खुर्चीला आपलं गाऱ्हाणं सांगते. शेवटी सासू उठते आणि त्या खुर्चीत जाऊन बसते. हे जमलं नाही तर मंडळ बंद, असं आक्कानं सांगून टाकलं. सासू तीच होती.

प्रयोग वेळेवर सुरू झाला. गोंधळाचं मूळ तेच. अध्यक्ष रिवाजानुसार उशिरा आले. प्रेक्षागृहात अंधार, उजेड फक्त वर. तिथं एका रांगेत माणसं बसलेली आणि मधली खुर्ची मोकळी. अशी खुर्ची उशिरा येणाऱ्या अध्यक्षांसाठी असते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. ते हात जोडत समोरच्या पायऱ्या चढले आणि बसले.

बायकांनी नाटक थांबवलं नाही. थोरल्या सुनेचं काम नर्सकडं होतं. माझं माहेर तोडलंत, माझं शिक्षण मोडलंत, हे सगळं तिनं रिकाम्या खुर्चीऐवजी त्यांच्या तोंडावर म्हटलं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि सवयीनं म्हणाले, “बगू, करू.” लोक हसले. आक्का हसली नाही. शेवट जवळ येत होता आणि तिची खुर्ची अडली होती.

ती उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पुढं जे बोलली ते संहितेत नव्हतं.

“उठा. लई वर्षं बसलायसा. आता मी बसतो.”

अध्यक्ष उठले. जायला वाट नव्हती. तिन्ही बाजूंना त्यांनीच मंजूर केलेल्या भिंती, आणि समोर पायऱ्या उतरायच्या तर सगळ्या पेठेच्या देखत. ते खुर्चीमागं हात जोडून उभे राहिले. आक्का खुर्चीत बसली. मेलेला सासरा मागं उभा करायची कल्पना लोकांना फार आवडली. टाळ्या बराच वेळ चालल्या, आणि उचगावच्या बाई खुर्चीवर बसल्या जागी रडायला लागल्या.

बातमी मी जे घडलं तेवढीच लिहिली. पण फोटोखालची ओळ डेस्कवरच्या सहकाऱ्यानं फोटो बघून लिहिली: सासऱ्याच्या भूमिकेत समितीचे अध्यक्ष. मला वाटलं, आता घरावर मोर्चा येतोय. अध्यक्षांनी कात्रण चौकटीत लावून घेतलं. समितीच्या पुढच्या बैठकीत ते म्हणाले की, आम्हा कलावंतांची फार गैरसोय होते, आत जायला वाट न्हाय. ठराव एकमतानं झाला. दोन्ही बाजूंच्या भिंती फोडून विंगा करायच्या आणि मागून जिना काढायचा.

फोडकामाच्या शुभारंभाला आक्काला बोलावणं आलं. फेटा बांधणारा हजर होता, नारळ हजर होता, माईक चालू होता. आक्का फेटेवाल्याला म्हणाली, “थांब. आधी भिंत.”

गवंड्यानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. पहार बसली, विटा निघाल्या, भोकातून पलीकडच्या गल्लीतला उजेड आत आला. मग आक्कानं फेट्यासाठी डोकं पुढं केलं.